पाळी गेल्यानंतर वारंवार होणारा लघवीचा संसर्ग: एस्ट्रिऑल क्रीम आणि दुकानातल्या इतर उपायांचे परीक्षण

औषधांच्या दुकानात जिची जाहिरात कुठेही लावलेली नसते, अशा एका वस्तूचे हे परीक्षण आहे. एस्ट्रिऑल, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनचा एक प्रकार, असलेल्या आणि योनीमार्गात लावायच्या क्रीमची पंधरा ग्रॅमची ट्यूब, खोक्यात तिच्या सोबतीला प्लॅस्टिकचा एक ॲप्लिकेटर आणि बारीक टायपात छापलेले एक माहितीपत्रक, एवढाच हा ऐवज. पाळी कायमची बंद झाल्यानंतर ज्या स्त्रियांना लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, त्यांना तो होऊ नये म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ ही ट्यूब लिहून देतात. मला ती अशीच लिहून दिली गेली आणि बऱ्याच महिन्यांपासून मी ती वापरते आहे. त्याआधी मैत्रिणींच्या, दुकानदाराच्या आणि जाहिरातींच्या सल्ल्याने क्रॅनबेरीच्या पुड्यांपासून सुवासिक वॉशपर्यंत फळीवरचे बहुतेक सगळे घरी येऊन गेले होते. त्यामुळे क्रीमबद्दल लिहिताना त्या इतर वस्तूंबद्दलही लिहिणे ओघाने आले. कंपन्यांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण हे परीक्षण औषधातल्या घटकाचे आहे, वेष्टनाचे नाही.

हे क्रीम कोणासाठी आहे, ते आधी स्पष्ट असलेले बरे. वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी जळजळ झाली, औषध घेतले आणि बरे वाटले, एवढ्यावर ते कोणी देत नाही. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षभरात तीनदा संसर्ग झाला, तर वैद्यकशास्त्र त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणते, आणि प्रतिबंधाचा विचार तिथून सुरू होतो. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधीच; तेव्हा हा प्रश्न म्हातारपणाचा मानून बाजूला ठेवता येत नाही. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, नोकरी करणाऱ्या, रोज बस-लोकलने जाणाऱ्या बायकांचा तो प्रश्न आहे.

या वयात असे का होते, हे समजल्याशिवाय क्रीमचे काम समजत नाही. पाळी चालू असते त्या काळात इस्ट्रोजेनमुळे योनीमार्गाचे अस्तर जाड आणि ओलसर राहते आणि त्यातल्या पेशींमध्ये ग्लायकोजेन ही साठवणीची साखर साठते. लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू त्यावर जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच (हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी ठेवतात. अशा जागी आतड्यातून येणाऱ्या ई. कोलाय या जंतूला पाय रोवता येत नाहीत. पाळी गेली की इस्ट्रोजेन ओसरते, अस्तर पातळ होते, लॅक्टोबॅसिलस नाहीसे होतात आणि पीएच ५ च्या वर जातो. मग ई. कोलाय योनीमार्गाच्या तोंडाशीच ठाण मांडतो आणि तिथून मूत्रमार्गात शिरायला त्याला फार लांब जावे लागत नाही, कारण स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. मूत्राशयाचे बहुसंख्य साधे संसर्ग याच एका जंतूमुळे होतात. म्हणजे दुखते मूत्राशय, पण बिघाड सुरू होतो शेजारी. आणि आपण वर्षानुवर्षे केवळ मूत्राशयावर उपचार करत राहतो.

क्रीमचा उपयोग नेमका या बिघाडावर होतो. या बाबतीतला सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा जुना आहे. इस्रायलमधील राउल राझ आणि अमेरिकेतील वॉल्टर स्टॅम यांनी १९९३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. पाळी गेलेल्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांपैकी काहींना एस्ट्रिऑलचे क्रीम आणि काहींना औषध नसलेले, दिसायला तसेच क्रीम आठ महिने दिले गेले. औषध नसलेल्या गटात एका स्त्रीमागे वर्षाला सरासरी ५.९ संसर्ग झाले, तर एस्ट्रिऑलच्या गटात ०.५. महिनाभरातच एस्ट्रिऑलच्या गटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये लॅक्टोबॅसिलस परत आले आणि सरासरी पीएच ५.५ वरून ४ च्या खाली उतरला. दुसऱ्या गटात यातले काहीच घडले नाही. चाचणी लहान होती, आणि क्रीम लावलेल्या जागी थोडी आग होते म्हणून काही जणींनी ती मध्येच सोडली, हेही नमूद केले पाहिजे. पुढच्या काळातल्या अभ्यासांत फायदा इतका डोळे दिपवणारा निघाला नाही, पण दिशा तीच राहिली. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, पाळी जाण्याच्या बेतात असलेल्या किंवा गेलेल्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांना, काही अडचण नसल्यास, योनीमार्गात वापरायचे इस्ट्रोजेन सुचवावे असे स्पष्ट म्हटले आहे. पोटात घ्यायच्या हॉर्मोनच्या गोळ्यांनी मात्र लघवीचे संसर्ग कमी होत नाहीत, असेच अभ्यासांत आढळलेले आहे. एखादी स्त्री अंगातून वाफा येतात म्हणून गोळ्या घेत असेल, तर त्यातच हेही भागेल असे तिने धरून चालू नये.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम एस्ट्रिऑल असते आणि एका वेळची मात्रा अर्धा ग्रॅम. ट्यूबचे झाकण काढून त्या जागी ॲप्लिकेटर फिरवून बसवायचा, ट्यूब खालून हळूहळू दाबायची आणि आतला दट्ट्या मागे सरकत सरकत खुणेच्या कड्याशी आला की थांबायचे. हे कडे पांढऱ्या प्लॅस्टिकवर पांढरेच असते. रात्री, चष्मा काढून ठेवलेला असताना आणि न्हाणीघरातल्या मिणमिणत्या दिव्यात ते दिसत नाही; ज्या वयाच्या ग्राहकांसाठी ही वस्तू बनवली आहे, त्यांना चाळिशी लागलेली असते हे बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. मी त्या कड्यावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून घेतली आणि तो प्रश्न संपवला. आडवे होऊन, गुडघे दुमडून ॲप्लिकेटर आत सरकवायचा आणि दट्ट्या शेवटपर्यंत ढकलायचा, एवढीच कृती आहे. पहिल्या काही रात्री तिचा संकोच वाटतो, मग दात घासण्याइतकी ती सवयीची होते. नंतर दट्ट्या पूर्ण बाहेर ओढून दोन्ही भाग कोमट पाण्याने आणि साबणाने धुवायचे. उकळत्या पाण्यात घालायचे नाहीत. बाळाच्या बाटल्या उकळून काढलेल्या पिढीचा हात आपसूक पातेल्याकडे जातो, म्हणून हे सांगितले.

सुरुवातीचे दोन आठवडे रोज रात्री आणि त्यानंतर आठवड्यातून दोन रात्री, असा क्रम मला सांगण्यात आला. वरच्या चाचणीतला क्रमही हाच होता. या हिशेबाने पहिल्या दोन आठवड्यांत सात ग्रॅम संपते आणि मग आठवड्याला एक ग्रॅम लागते, म्हणजे पहिली ट्यूब अडीच महिन्यांच्या आसपास पुरते आणि पुढची त्याहून अधिक. दर महिन्याला क्रॅनबेरीच्या पुड्यांवर किंवा दर खेपेला तपासणी, सल्ला आणि प्रतिजैविके यांवर जो खर्च होतो, त्याच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. आठवड्यातल्या दोन रात्री ठरवून घेतल्या तर विसर पडत नाही. माझे वार सोमवार आणि गुरुवार आहेत.

ज्यांना दोन दिवसांत गुण हवा असतो, त्यांची या क्रीमने निराशा होईल. हे चालू असलेल्या संसर्गावरचे औषध नाही आणि त्याने जळजळ थांबत नाही. अस्तर पुन्हा भरून यायला आणि जंतूंची जुनी वस्ती परतायला कित्येक आठवडे जातात, आणि संसर्गाच्या बाबतीत फरक पडला की नाही हे तीन महिने गेल्याशिवाय बोलण्यात अर्थ नसतो. माझ्या बाबतीत सुरुवातीला काही दिवस थोडी चुणचुण झाली आणि सकाळी कपड्याला किंचित पांढरा डाग लागत असे. रोज रात्रीचा क्रम संपला तशा दोन्ही गोष्टी थांबल्या. त्यानंतरच्या काळात संसर्ग पूर्णपणे बंद झाला असे नाही, परंतु पूर्वी ऋतू बदलला, प्रवास झाला, जागरण झाले की जो हमखास यायचा, तो आता क्वचित येतो. माझ्यापुरता हा फरक मोठा आहे. एकीच्या अनुभवावरून सर्वांसाठी निष्कर्ष निघत नाही हे खरे, म्हणून वरची चाचणी आधी सांगितली.

खोक्यातल्या माहितीपत्रकाबद्दल मात्र मला तक्रार नोंदवायची आहे. ते वाचून कितीतरी स्त्रिया ट्यूब न उघडताच कपाटात ठेवून देत असतील, असे मला वाटते. त्यात स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार आणि पक्षाघात हे सगळे ओळीने लिहिलेले असते. ही धास्ती मुख्यतः २००२ साली अमेरिकेत गाजलेल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासानंतरची आहे, आणि तो अभ्यास पोटात घ्यायच्या गोळ्यांचा होता. योनीमार्गात लावलेले अर्धा ग्रॅम क्रीम रक्तात फारच थोडे उतरते. सुरुवातीला, अस्तर पातळ असताना थोडे अधिक, आणि अस्तर भरून आल्यावर नगण्य. गोळ्यांचे इशारे जसेच्या तसे या ट्यूबवर चिकटवणे योग्य आहे का, यावर डॉक्टरांमध्ये पुष्कळ वर्षे चर्चा चालली, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये इस्ट्रोजेनच्या औषधांवरचे हे चौकटीतले इशारे काढायला सांगत असल्याची घोषणा केली. आपल्याकडच्या खोक्यात तो बदल उतरेपर्यंत वाचणाऱ्या बाईची बेचैनी काही जाणार नाही.

याचा अर्थ क्रीम कोणीही मनाने आणून लावावे असा नाही. पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेले असेल आणि त्याचे कारण शोधले गेले नसेल, तर आधी तो शोध झालाच पाहिजे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने, विशेषतः ती ॲरोमाटेज रोखणाऱ्या, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणाऱ्या गोळ्यांवर असेल तर, कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय याला हात लावू नये. तिच्यासाठी हॉर्मोन नसलेले उपाय आधी पाहिले जातात. अंग बाहेर येत असेल, लघवी पूर्ण होत नसेल किंवा मूतखडा असेल, तर मूळ अडचण तशीच ठेवून ट्यूब लावत बसण्यात हशील नाही. ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, आणि ती चिठ्ठी तपासणी करूनच घ्यावी.

पण चिठ्ठी हातात असली, तरी दुकानातला प्रसंग सोपा नसतो. आमच्या भागातल्या एका दुकानात चिठ्ठी पाहून काउंटरवरच्या मुलाने आत बसलेल्या मालकांना खणखणीत आवाजात विचारले, "शेठ, ते खालच्या जागेचं क्रीम कुठंय?" मालक ट्यूब घेऊन बाहेर आले आणि ती कागदात गुंडाळता गुंडाळता मला म्हणाले, "ताई, हे हॉर्मोनचं आहे बरं का. कशाला घेता? त्यापेक्षा ही क्रॅनबेरीची पुडी न्या, काही साइड इफेक्ट नाही." ज्या औषधाला पुरावा आहे ते नको म्हणून सांगायचे आणि ज्याच्यावर नफा आहे ते पुढे करायचे, आणि तेही चार माणसे मागे उभी असताना, ही सेवा कौतुकास्पद नाही. तेच मालक जळजळीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला चिठ्ठी न बघता प्रतिजैविकाच्या दोन-तीन गोळ्या कापून देतात. शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांच्या, म्हणजे अनेक प्रतिजैविकांच्याही विक्रीची वेगळी नोंद ठेवण्याचा नियम २०१४ पासून लागू आहे, पण अर्ध्या पट्टीचा व्यवहार कोणत्याही नोंदीत सापडत नाही. नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांना आपल्याकडचे ई. कोलाय आता पुष्कळदा दाद देत नाहीत, त्यात या कापून दिलेल्या पट्ट्यांचा वाटा थोडा नसावा.

आता त्या क्रॅनबेरीच्या पुडीबद्दल. तिला मी निरुपयोगी म्हणणार नाही. क्रॅनबेरीतले प्रोॲन्थोसायनिडिन नावाचे घटक ई. कोलायला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असे मानले जाते. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये ५० अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये क्रॅनबेरीमुळे धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेला दिसला. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्या वयस्करांना मात्र लाभ दिसला नाही. म्हणजे थोडा फायदा आहे. अडचण आहे ती पुडीतल्या मालाची. प्रोॲन्थोसायनिडिन नेमके किती मिलिग्रॅम आहे, ते वेष्टनावर लिहिलेले असतेच असे नाही. 'क्रॅनबेरी अर्क' एवढे मोघम लिहून भागवले जाते. दिवसाला ३६ मिलिग्रॅम ही मात्रा अभ्यासांत बऱ्याचदा वापरली गेली आहे, तेव्हा तो आकडा वेष्टनावर शोधावा आणि न सापडल्यास पुडी परत ठेवावी. मी वापरलेल्या एका पुडीत साखर इतकी होती की मधुमेही स्त्रीला ती देता आली नसती. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल, तर क्रॅनबेरी घेण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

याच पुड्यांमध्ये हल्ली डी-मॅनोज ही साखर मिसळलेली असते आणि किंमत तिच्यामुळे चढते. ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज दोन ग्रॅम डी-मॅनोज सहा महिने घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के स्त्रियांना संसर्गाच्या शंकेने पुन्हा डॉक्टर गाठावा लागला, आणि नुसती दुसरी साखर घेणाऱ्यांपैकी ५५.७ टक्के स्त्रियांना. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान आहे. तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असे माझे मत झाले आहे.

गुलाबी रंगाचे, गोड-आंबट अल्कलायझर सरबत तर आपल्याकडे घराघरांत असते. आईच्या पिढीत उन्हाळी लागली की धन्याचे किंवा वाळ्याचे पाणी देत, तिथे आता ही बाटली आली. डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटने लघवीची आम्लता कमी होते आणि जळजळ तात्पुरती निवते, पण जंतू जिथल्या तिथे राहतात, आणि प्रतिबंधाशी तर या सरबताचा काहीच संबंध नाही. त्यात सोडियम पुष्कळ असते, त्यामुळे रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते रोज चमचाभर घेत राहणे बरे नव्हे. आणखी एक गोष्ट दुकानदार कधी सांगत नाहीत: संसर्गावर डॉक्टर नायट्रोफ्युरँटॉइन हे जे प्रतिजैविक बऱ्याचदा देतात, त्याचा प्रभाव लघवी आम्लधर्मी असताना चांगला पडतो. म्हणजे एकाच चिठ्ठीवर त्या गोळ्या आणि हे सरबत दोन्ही असतील, तर डॉक्टरांना प्रश्न विचारायला जागा आहे.

सुवासिक इंटिमेट वॉशबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 'पीएच राखणारे' असे बाटलीवर छापलेले असले, तरी बाहेरून लावलेल्या साबणाने आतले लॅक्टोबॅसिलस परत येत नाहीत, आणि पातळ झालेल्या त्वचेला सुगंधाने खाजच सुटते. साधे पाणी पुरते.

पुराव्याच्या बाबतीत क्रीमच्या खालोखाल मी ज्याला जागा देईन, ते औषध आपल्याकडे फारसे चर्चेत नाही. मेथेनामाइन हिप्युरेट हे प्रतिजैविक नाही. आम्लधर्मी लघवीत त्याचे फॉर्माल्डिहाइड होते आणि त्याने जंतू मरतात, त्यामुळे जंतूंना त्याची सवय होण्याचा प्रश्न येत नाही. २०२२ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत, रोज दोनदा एक ग्रॅम मेथेनामाइन घेणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी १.३८ संसर्ग झाले आणि रोज थोड्या मात्रेत प्रतिजैविक घेणाऱ्यांना ०.८९. प्रतिजैविक किंचित सरस ठरले, पण अभ्यासकांनी आधी ठरवलेल्या मर्यादेत हा फरक बसत होता, आणि महिनोन्‌महिने प्रतिजैविक घेण्याची किंमत पाहता मेथेनामाइन हा रास्त पर्याय मानला गेला. ज्यांना हॉर्मोन घेताच येत नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी याबद्दल बोलावे. अर्थात हे घेताना अल्कलायझरचे सरबत पूर्ण बंद हवे, कारण लघवीची आम्लता गेली की औषधाचे कामच थांबते.

पाण्यावर खर्च नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ संसर्ग झाले, तर उरलेल्यांना ३.२. या सगळ्या स्त्रियांची पाळी अद्याप चालू होती, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू करता येणार नाहीत, तरी सल्ला उलटण्यासारखा नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेली असेल, तर गोष्ट वेगळी. खरी अडचण निराळीच आहे. एसटी स्टँडवरची, बाजारपेठेतली स्वच्छतागृहे आठवून बायका घरातून निघण्याआधीच पाणी तोडतात आणि लघवी तासन्‌तास दाबून धरतात. मुंबईत स्त्रियांच्या मोफत आणि स्वच्छ मुतारीसाठी २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली, तेव्हा त्या नावाला हसणारे पुष्कळ होते. मूत्राशयाच्या आरोग्याशी तिचा केवढा थेट संबंध आहे, हे त्यांच्या गावी नसावे.

तपासणीच्या सेवेबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण क्रीम लागू पडले की नाही हे ठरवण्याचा तोच आधार आहे. योनीमार्ग कोरडा पडल्यानेही लघवीच्या वेळी आग होते, सारखे जावेसे वाटते, आणि त्या वेळी जंतू असतातच असे नाही. अशा प्रत्येक वेळी प्रतिजैविक घेतले, तर एकीकडे औषध वाया जाते आणि दुसरीकडे क्रीम निकामी ठरवले जाते. म्हणून प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायला द्यावे. मी जिथे जाते, त्या प्रयोगशाळेत काउंटरवरून निर्जंतुक डबी पुढे सरकवली जाते आणि "भरून आणा" एवढेच सांगितले जाते. जागा साध्या पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत घ्यायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही आणि डबी लगेच पोचवायची, यातले काहीही भिंतीवरसुद्धा लिहिलेले नाही. मग अहवालात एपिथेलियल, म्हणजे त्वचेच्या आणि अस्तराच्या पेशी भरपूर येतात आणि दोन-तीन प्रकारचे जंतू उगवतात, म्हणजे नमुनाच बिघडलेला असतो. पैसे मात्र पूर्ण घेतलेले असतात. अहवाल यायला साधारण दोन दिवस लागतात. त्यात जंतूचे नाव, वाढीचा आकडा आणि कोणते औषध लागू पडेल याची यादी असते. ही यादी जपून ठेवावी आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवावी. याउलट, काहीही त्रास नसताना केवळ वार्षिक तपासणीत जंतू निघाले, तर या वयात त्यांच्यावर सहसा औषध द्यायचे नसते. ते बहुधा निरुपद्रवी असतात आणि उगाच मारायला गेले की चिवट जंतू उरतात. थंडी वाजून ताप येणे, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या होणे किंवा लघवीतून रक्त जाणे, ही लक्षणे असतील तर मात्र कल्चरचा अहवाल येण्याची वाट पाहत घरी बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

एकंदर हिशेब मांडला, तर पाळी गेलेल्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि हॉर्मोनला मनाई नसलेल्या स्त्रीला मी या फळीवरच्या सगळ्या वस्तूंमधून ही ट्यूबच आधी घ्यायला सांगेन. क्रॅनबेरी ऐच्छिक, मॅनोज आणि वॉश अजिबात नको. औषधाच्या गुणाला चांगले गुण, ॲप्लिकेटरला बेताचे, माहितीपत्रकाला नापास.

विकत घेण्याबद्दल शेवटचे काही. एस्ट्रिऑलची ट्यूब प्रत्येक दुकानात नसते आणि कधी कधी महिनाभर बाजारातून गायब होते. क्रीम बंद केले की अस्तर हळूहळू पुन्हा पहिल्यासारखे पातळ होते, त्यामुळे निम्मी ट्यूब उरलेली असतानाच दुसरी मागवून ठेवावी. एस्ट्रिऑल नसल्यास दुकानदार संयुग्मित इस्ट्रोजेन या दुसऱ्या प्रकारच्या इस्ट्रोजेनचे क्रीम पुढे करतात. तेही या कामासाठी वापरले जाते, परंतु त्याची तीव्रता आणि मात्रा वेगळी आहे आणि त्याच्या ॲप्लिकेटरवरच्या खुणाही वेगळ्या आहेत. तेव्हा असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा आणि जुन्या ट्यूबचा ॲप्लिकेटर नव्या ट्यूबला लावू नये.